आक्काच्या हातचं

एकोणीसशे ब्याऐंशी सालातला रविवार. दिवाळी होऊन गेली होती, उन्हाला चटका नव्हता. सुमन सकाळच्या एस्टीने नवऱ्याला जेवायला घेऊन निघाली होती. पेठ रोडला डोंगराच्या पायथ्याशी वनखात्याची बाग आहे ना, तिथे.

शेजारच्या वत्सलाबाईंनी कुंपणावरून विचारलंच, "काय सुमनबाई, आज स्टोला सुट्टी? हॉटेलात नेतायत वाटतं!"

"मीच नेतेय त्यांना," सुमन म्हणाली आणि हसली. हसू ओठांपुरतंच होतं.

कारण तिचा नवरा कारभारी वर्षभर धड जेवला नव्हता. ओझरच्या कारखान्यात फिटर होता, अंगापिंडाने भरलेला गडी. पण आता डबा जसाच्या तसा परत यायचा. ताटावर बसला की दोन घास चिवडायचा आणि म्हणायचा, "चव नाही गं." सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, एक्स-रे झाला. त्यात काही निघालं नाही. नवरा असाच वितळत हातातून जाणार, या भीतीने सुमनला झोप नव्हती.

आणि हे कधीपासून झालं, ते तिला नेमकं ठाऊक होतं. आक्काबाईच्या दहाव्यापासून.

आक्काबाई कारभारीची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा लहानग्या भावाला पदराखाली घेऊन तिने बागेमागे पत्र्याची खानावळ काढली. नागलीची भाकरी, उडदाचं काळं वरण आणि लसूण घालून वाटलेली खुरासणीची चटणी. डोंगर चढायला आलेली माणसं, सहलीची मास्तर मंडळी, सगळी तिच्याकडे जेवायची. त्याच भाकऱ्यांवर कारभारी शिकला.

सुमन मात्र पंचवटीतल्या कारकुनाची लेक. धुराने काळा पडलेला पत्रा, चेपलेली जर्मनची ताटं, कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसायचं... तिला ते नको वाटायचं. आक्का ताट मांडायची. "सुमे, घासभर तरी खा ना गं. नागली नवी हाय." आणि सुमन पदर सावरत दारातूनच म्हणायची, "जेवूनच आलेय, वन्सं."

अकरा वर्षं हेच. आक्काने कधी शब्दाने दुखवलं नाही. भरलेलं ताट उचलायची आणि एवढंच म्हणायची, "बरं."

ती गेली. दहाव्याला रामकुंडावर पिंड मांडला, तर कावळा शिवेना. कारभारी हात जोडून म्हणाला, "आक्का, तुझी खानावळ विकणार नाही." नाही. "दर साली तुझं श्राद्ध घालीन." नाही. ऊन डोक्यावर आलं. भिंतीवर ओळीने कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. लोक सुमनकडे बघायला लागले. तेव्हा ती पुढे झाली. इतक्या वर्षांची टोचणी एकदम तोंडातून बाहेर पडली.

"वन्सं, आम्ही दोघं येऊ. तुमच्या हातचं पोटभर जेवू."

बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. फक्त कारभारीच्या गोटीराममामांचा चेहरा उतरला. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, गेलेल्या माणसाला खाऊ घालायचं कबूल करतात गं... त्याच्याकडे जेवायला येऊ म्हणत नाहीत."

त्या संध्याकाळी कारभारीने पहिल्यांदा ताट सरकवलं.

आता वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. सुमनने मनाशी ठरवलं होतं, घरून नागलीच्या भाकऱ्या करून न्यायच्या, खानावळीच्या पायरीवर बसून दोघांनी खायच्या, शब्दातून मोकळं व्हायचं. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या तिच्या पिशवीत होत्या.

बागेत गर्दी होती. पोरं झोपाळ्यांवर ओरडत होती. पण बाग ओलांडून मागे गेलं की आवाज मागेच राहायचा, जणू कुणी दार ओढून घेतलंय. वर डोंगराचा काळा कडा, खाली पत्र्याची खोली. आणि पत्र्यातून धूर निघत होता.

दार उघडं होतं.

"कुणीतरी चालवायला घेतली वाटतं," सुमन म्हणाली. कारभारीच्या नाकपुड्या हलत होत्या. ओल्या सरपणाचा, भाजलेल्या नागलीचा, लसणाचा वास येत होता. तो वाकून आत शिरला.

आत दोन ताटं मांडलेली. जर्मनची, चेपलेली. चुलीपुढे पूर्वीचाच गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यामागे भाकरी थापल्याचा आवाज. थप, थप, थप... मग जराशी खोकल्याची उबळ... मग पुन्हा थप, थप.

"अहो बाई, कोण आहे?" सुमनने विचारलं.

थापणं चालूच राहिलं. कारभारी मांडी घालून बसला. त्याने भाकरी मोडली, वरणात कुस्करली आणि खायला लागला. वर्षभराचा उपाशी माणूस जसा खाईल तसा. घासामागून घास. ओठांच्या कडेने काळं वरण ओघळत होतं, आणि डोळ्यांतून पाणी.

"बस ना," तो मान वर न करता म्हणाला. "गार होतंय."

सुमनला बसायचं होतं. देवाशपथ, त्यासाठीच ती आली होती. पण तिची नजर खाली गेली. पडद्याखालून दिसायला हवेत ते पाय दिसत नव्हते. तिथे नुसती जमीन होती, शेणाने सारवलेली, ओली. आणि भीतीच्या भरात अकरा वर्षांची सवय जिभेवर आपोआप आली.

"मी... मी जेवूनच आलेय."

थापणं थांबलं.

सरपण तडतडलं. मग पडद्यामागून, अगदी मऊ आवाजात,

"बरं."

सुमन धावत सुटली ती बागेच्या फाटकापाशी थांबली. अर्ध्या तासाने कारभारी हात पुसत आला. चेहऱ्यावर तुकतुकी होती. "चल," म्हणाला, "एस्टी चुकेल."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातून आला, हातपाय धुतले. सुमनने ताट घेतलं. तो म्हणाला, "नको. जेवूनच आलोय."

तिसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. डबा भरलेला परत, आणि बोटांना खुरासणीचा आणि लसणाचा वास. कारभारी भरत चालला, कॉलर घट्ट झाली. कॉलनीतल्या बायका हसून म्हणायला लागल्या, "बाहेर कुठे खानावळ लावलीय का हो तुमच्या ह्यांनी?"

सोळाव्या दिवशी सुमन उपाशीपोटी एकटीच बागेत गेली. रखवालदार बहिरू म्हणाला, "वयनी, ती खोली तर आक्का गेली तवापासून बंदच हाय. कुलूप बघा की." कुलपावर गंज होता. कडीवर कोळ्याचं जाळं, तारसुद्धा न तुटलेलं.

ती पायरीवर बसली. दाराला कपाळ टेकलं. "वन्सं, चुकलं माझं. मी उपाशी आहे. मला वाढा हो... हे माझे मला परत द्या."

आत थप, थप, थप. थांबलं. ताट सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी ते मांडत होतं, तिच्यासाठी. सुमनने श्वास रोखला.

आणि मग आतून कारभारीचा आवाज आला. घास तोंडात असताना बोलावं तसा.

"राहू दे गं आक्का. ती जेवूनच आली असेल."

त्या दिवशी कारभारी ओझरला होता. आठपासून पाचपर्यंत मशीनपाशी. सुमनने नंतर त्याच्या सोबत्याला विचारलं, त्याने शपथेवर सांगितलं.

दोनेक महिन्यांनी वत्सलाबाई तिच्याकडे वाटीभर खीर घेऊन गेल्या. सुमनच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, गालाची हाडं वर आली होती. कारभारी आतल्या खोलीत तृप्त ढेकर देऊन पेपर वाचत होता.

"घ्या हो, दोन चमचे तरी," वत्सलाबाई म्हणाल्या.

सुमनने वाटीकडे बघितलं. तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. हात पुढे आला. काहीतरी दुसरंच बोलायचं होतं तिला, ओठ त्यासाठी धडपडत होते. शेवटी दोन्ही हातांनी तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

बोटांच्या फटीतून शब्द आलेच.

"जेवूनच आलेय."

आणि आतल्या खोलीतून, जिथे कारभारीशिवाय कुणी नव्हतं, एका म्हाताऱ्या बाईचा मऊ आवाज म्हणाला, "बरं."