चिखलातल्या बाईचे केस

“शूऽऽ! गप्प! बाई गायला लागली!”

भोंग्याने ‘गप्प’ एवढ्या मोठ्यांदा म्हटलं की बांधावरचे चार बगळे उडून गेले. त्याचं नाव भोंगा उगाच पडलं नव्हतं. पण या वेळी त्याची आतेबहीण भिंग त्याला हसली नाही. तिने आपला जाड काचांचा चष्मा पुसला आणि समोरच्या धुक्याकडे कान लावला.

सकाळचे दहा वाजले होते, तरी सूर्याचा पत्ता नव्हता. बांधाच्या खाली ओहोटीने उघडा पडलेला गाळ होता आणि त्यावर दाट पांढरं धुकं बसलं होतं. वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. त्या धुक्यातून एक बारीक, लांबलचक सूर येत होता. ऊंऽऽऽऽ! सूर हळूहळू चढत गेला. भिंगच्या अंगावर सरसरून काटा आला.

“मला घरी जायचंय,” शेपूट म्हणाली. ही भोंग्याची आठ वर्षांची बहीण. हे दोघं जिकडे जातील तिकडे ती मागे असायचीच, म्हणून शेपूट.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं की गाळात एक बाई आहे. कोणाची गाडी रुतली की ती गाते आणि गाणं संपताना काहीतरी घेऊन जाते. या महिन्यात ती तीनदा गायली होती.

सूर आणखी चढला, आणि अचानक, फाट्!

मग सगळं चिडीचूप झालं.

“बाबा!” भोंगा ओरडला. कारण त्या धुक्यात त्याचे बाबा, म्हणजे भिंगचा मामा, रुतलेली गाडी काढत होता.

तिघं बांधावरून धावत सुटली. मामाचा गाड्या ओढायचा ट्रक दिसला, आणि ट्रकच्या बाजूने मामा खुशाल हसत येताना दिसला! अंगात पिवळा रेनकोट, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डोकं उघडं.

“काय रे, भुतं बघितल्यासारखी तोंडं का केलीत? तार तुटली, एवढंच. गाठ मारू आणि परत ओढू! चहा झाला की लगेच.”

“मामा, तुझी टोपी कुठे आहे?” भिंगने विचारलं. मामा टोपीशिवाय झोपतसुद्धा नाही, असं मामी म्हणायची.

“वाऱ्याने नेली,” मामा म्हणाला आणि गॅरेजकडे निघाला. ट्रक चालवणारे मिस्त्री त्याच्या मागून निघताना म्हणाले, “दोन वाजता भरतीचं पाणी ग्रंथगाडीपर्यंत येईल. त्याच्या आत काढायची.”

गावोगाव पुस्तकं घेऊन फिरणारी ती ग्रंथगाडी. ग्रंथपालबाईंनी ओहोटीत गाळावरून जवळचा रस्ता धरला आणि गाडी चाकांच्या वर रुतून बसली होती.

भिंग जागची हलली नाही. “भोंग्या, वारा आहे का रे?”

“कुठला वारा? पान हलत नाहीये.”

“तेच म्हणतेय मी. वारा असता तर धुकं राहिलं असतं का? मग टोपी नेली कोणी?”

शेपटाने भिंगचा हात घट्ट पकडला.

ट्रकच्या पलीकडे बांधावर जुनी लाकडी शेड होती. तिच्यात वल्ही आणि फाटकी जाळी पडलेली असत. भिंग शेडला वळसा घालून गेली आणि थबकलीच. भिंतीच्या फळीला हातभर लांब चीर पडली होती. ताजी, आतलं पिवळं लाकूड दाखवणारी. आणि त्या चिरेत, बरोबर मामाच्या डोक्याच्या उंचीवर, मामाची टोपी अडकली होती.

“बाईने ठेवली!” शेपूट कुजबुजली.

शेजारी आणखी तीन चिरा होत्या, काळपट पडलेल्या. एक वर, एक खाली आणि एक छातीच्या उंचीवर. भोंग्याच्या घशातून आज आवाजच निघेना. हे मात्र अभूतपूर्व होतं.

पण भिंगचा स्वभाव असा की भीती वाटली की ती आणखी जवळ जाऊन बघायची. तिने नाक फळीला लावलं. चिरेत काहीतरी चमकत होतं. बारीक, लांब, वळणदार.

“केस आहेत,” ती म्हणाली.

“कोणाचे?” भोंग्याने विचारलं, आणि विचारल्याबद्दल त्यालाच पश्चात्ताप झाला.

भिंगने एक केस ओढला. “आई गं!” बोटातून रक्ताचा थेंब आला. तिने केस चष्म्याजवळ धरला. तो मऊ नव्हता. वाकवला की तसाच वाकून राहत होता. एका टोकाला गंज होता आणि दुसरं टोक नुकतं तुटल्यासारखं लखलखत होतं.

“भोंग्या, हा लोखंडाचा आहे!”

“म्हणजे बाई लोखंडाची आहे?”

“अरे शहाण्या, म्हणजे बाईच नाहीये! चल, मामीकडे. पळा!”

मामी गोदीत सामानाची कोठी सांभाळायची. बोटी उचलायचे पट्टे, साखळ्या, कप्प्या, सगळं तिच्या ताब्यात. तिच्या वहीत सही केल्याशिवाय तिथून खिळासुद्धा बाहेर जात नसे. तिघं पोचली तेव्हा ती दारात उभी राहून क्रेनवाल्याला खुणा करत होती. एक बोट हवेत लटकलेली होती.

“आई, हे बघ!” भोंग्याचा आवाज परत आला होता.

मामीने बोटीवरची नजर न हलवता तो केस हातात घेतला आणि बोटांत फिरवला. तिचा चेहरा पडला.

“हा तारेचा दोर आहे. असल्या शेकडो बारीक तारा वळून तो करतात. आतून गंजला की एकेक तार तुटायला लागते. ताण आला की दोर गातो. कुठे मिळाला?”

भिंगने सगळं सांगितलं. टोपी, चिरा, त्यांची उंची.

“आणि तुझा मामा उभा कुठे असतो?”

“दोराशेजारी,” भिंग म्हणाली. “तारेवर तळहात ठेवून. तो म्हणतो, बाई गायला लागली की गाडी निघाली समजा. मग तो मिस्त्रींना हात करतो, अजून ओढा!”

“वीस वर्षं सांगतेय या माणसाला!” मामी जवळजवळ ओरडलीच. “पालथ्या घड्यावर पाणी! म्हणतो, तुझे पट्टे म्हणजे पिशव्यांचे बंद. आणि तुटलेल्या तारेला गाठ मारतो. गाठीने दोराची ताकद निम्मी होते, एवढंही कळू नये?” तिने हनुवटीने वर खूण केली. “बोट हवेत आहे, मला पाऊल हलवता येत नाही. खाली माणसं आहेत. आत जा, मी सांगते ते आणा.”

भोंग्याने धावत जाऊन सर्वांत जाडजूड साखळी उचलली. “ही तुटायचीच नाही!”

“साखळीला लवचीकपणा नसतो. हिसका बसला की कडी उडते, ती गोळीसारखी. ठेव ती. रुंद पट्टा बघ, गाड्या ओढायचा.”

“हा?”

“त्याची चिठ्ठी वाच. काठाला शिवलेली असते.”

“याला चिठ्ठीच नाही.”

“मग तो आपल्यासाठी पट्टाच नाही. किती वजन झेपेल ते ज्याच्यावर लिहिलेलं नाही, त्याच्यावर जीव टांगायचा नाही. गाडी किती जड आहे?”

“बाबा म्हणाले तीन टन,” भोंगा म्हणाला.

“रिकामी तीन टन,” भिंग म्हणाली. “आत पुस्तकं आहेत. मामा म्हणाला, कागदाला कसलं आलंय वजन!”

“त्याला शाळेचं दप्तर द्या उचलायला! पाच टन धरा. वर गाळ चिकटून बसलेला असतो, तो सहजासहजी सोडत नाही. म्हणून तिप्पट. पंधरा टनांचा पट्टा घ्या.”

पंधराचे दोन पट्टे होते. भिंगने पहिला हातभर-हातभर करत चष्म्याखालून सरकवला. मध्येच तिचा हात थांबला. काठाला बोटाच्या पेराएवढा काप होता.

“हा नको,” ती म्हणाली.

मामीने पहिल्यांदाच बोटीवरून नजर काढून क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “माझ्या हाताखालच्या माणसांना नाही दिसला तो. दुसरा घे. आणि वजनाचा आकडा कोरलेल्या दोन शॅकल, त्या पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या, घ्या, फावडी, फळ्या, दोन ओली पोती. हातगाडीत टाका. आणि ऐका! पट्टा बंपरला नाही, सांगाड्याच्या कडीला लावायचा, आणि वर ओली पोती टाकायची. काहीही करा, पण त्याला दोराजवळून हलवा.”

हातगाडी ढकलत तिघं परतली तेव्हा धुकं अजून तसंच होतं. ट्रकचं इंजिन गुरगुरत होतं. तार गाठ मारून परत बांधलेली होती, आणि तिच्याशेजारी मामा उभा होता. तळहात तारेवर, डोळे मिटलेले.

“थांऽऽऽबाऽऽऽ!”

भोंग्याची ती आरोळी गावाच्या पार टोकाला ऐकू गेली म्हणतात. मिस्त्रींचा पाय आपोआप ब्रेकवर पडला.

“काय झालं? कोण मेलं?” मामा दचकून म्हणाला.

“अजून कोणी नाही,” भिंग म्हणाली. तिने टोपी पुढे केली, केस दाखवला, धापा टाकत सगळं सांगितलं.

मामाने टोपी उलटीपालटी केली. ती एका बाजूने फाटली होती. पण मोठ्या माणसांना लहानांसमोर हार मानायची म्हणजे दाढ काढण्याएवढं दुखतं.

“तुझ्या मामीने शिकवलेलं दिसतंय! वीस वर्षं या हाताने गाड्या काढल्यात मी. तारेचा सूर मला कळतो.”

“बरं,” भिंग म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण आवाज हलला नाही. “मग एकदाच, तुझ्याऐवजी तुझा रेनकोट उभा राहू दे. टोपीसकट. तू आमच्याबरोबर बांधाच्या पलीकडे बस. तार तुटली नाही, तर आम्ही सुट्टीभर गॅरेज झाडू.”

“आणि माझी पाठ?” मिस्त्रींनी खिडकीतून डोकं काढलं.

“तुमच्या मागे लोखंडी जाळी आहे. आणि खाली वाकून बसा!”

“पोरगी बरोबर बोलतेय हो,” मिस्त्री मामाला म्हणाले. “मघाशी काहीतरी जाळीला चाटून गेलं. मी बोललो नाही, इतकंच.”

मामाने कुरकुरत रेनकोट काढला. बोटी बांधायला तिथे रोवलेल्या जाड, माणसाएवढ्या खुंटावर भोंग्याने तो चढवला, एक बाही तारेवर टाकली आणि शेपटाने टोपी वर ठेवली. ग्रंथपालबाईंसकट सगळे बांधाच्या पलीकडे जाऊन वाकून बसले. भिंग फक्त डोळ्यांपुरतं वर पाहत होती. धुक्यात तो पिवळा रेनकोट तारेवर हात ठेवून उभा होता. हुबेहूब मामा. शेजारी बसलेल्या मामाला पण तसंच वाटलं असावं. कारण तो एकदम कुरकुरायचा थांबला.

ट्रक हलला. ऊंऽऽऽऽ!

सूर चढत गेला. आता बाई नाही हे माहीत होतं, तरी भिंगला त्या सुराची आधीपेक्षा जास्त भीती वाटली. बाईला निदान दया आली असती.

“डोकी खाली!” ती ओरडली.

फाट्!

डोक्यावरून काहीतरी शिट्टी वाजवत गेलं. शेडची फळी करकरली. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि ओरडून सांगितलं की ते ठीक आहेत.

सगळ्यांनी हळूच माना वर केल्या. तारेशेजारी कोणीच उभं नव्हतं. खुंट मध्यावर मोडला होता. रेनकोट वीस पावलांवर चिखलात पडला होता. मामा गेला आणि त्याने तो उचलला. छातीवर, खिशाच्या जरा वर, तो आरपार फाटला होता.

मामा तिथेच चिखलात बसला. बराच वेळ त्या भोकात बोटं घालून बघत राहिला.

“मी उभा असतो तिथे,” तो म्हणाला. “दर वेळी.”

“बाबा,” शेपूट त्याच्या गळ्यात पडली आणि भोकाड पसरून रडायला लागली. भोंगाही डोळे पुसत होता, पण धुक्याने पाणी येतंय म्हणाला.

“पाणी येतंय खरं!” मिस्त्री ओरडले. “भरती लागली!”

मामा उठला. त्याने भिंगकडे पाहिलं. “सांग बाई, आधी काय करायचं?”

मग धावपळ उडाली! आधी चाकांपुढचा गाळ उपसला, फळ्या सरकवल्या. ग्रंथपालबाई आणि पोरांनी रांग लावून पुस्तकं बांधावर आणली. निम्मी गाडी रिकामी झाली. मामा सवयीने पट्टा बंपरला बांधायला गेला, तेव्हा भिंगने नुसता घसा खाकरला. तो मुकाट्याने खाली वाकला आणि सांगाड्याला जोडलेली ओढायची कडी शोधून शॅकल तिथे लावली. पट्ट्यावर मध्ये ओली पोती टाकली, म्हणजे काही सुटलंच तर ते उडण्याऐवजी खाली पडावं. मग शेवटचं काम. सगळे बांधाच्या पलीकडे! मामासुद्धा!

“हळू घ्या मिस्त्री! हिसका नको!”

पट्टा ताणला गेला. गाण्याचा आवाज आला नाही. गाळ एकदा ओठ चाटल्यासारखा वाजला, चाकं फळ्यांवर चढली, आणि फच्च करून ग्रंथगाडी निघाली! पाणी तिथे पोचलं तेव्हा चाकांचे खड्डे तेवढे उरले होते.

“निघालीऽऽऽ!” भोंग्याने ही बातमी साऱ्या खाडीला दिली.

बोट उतरवून मामी धावत आली ती याच आरोळीवर. तिने आधी मामाला नखशिखान्त पाहिलं, मग रेनकोट पाहिला. त्याच्या भोकातून हात आरपार घातला. शेवटी म्हणाली, “वीस वर्षं मी सांगतेय. ऐकलं कोणाचं, तर रेनकोटाचं!”

“रेनकोटाचं नाही, भाचीचं,” मामा म्हणाला. “आणि तुम्ही मिस्त्री, पुढच्या वेळी जाळीला काही चाटून गेलं तर बोलत चला!”

ग्रंथपालबाईंनी तिघांना सुट्टीभर हवी तेवढी पुस्तकं न्यायची मुभा दिली. “मोठ्यांनी बाईला घाबरायचं ठरवलं,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही तिचा केस उपटून आणलात!”

मामाने तुटकी तार गोळा करून भंगारात टाकली. मग तो भिंगसमोर उभा राहिला. वीस वर्षं तारेवर ठेवून घट्टे पडलेला तो खरखरीत तळहात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.