परतीची रेघ

रेइनोच्या पत्राला मी कधी उत्तर दिलं नाही. ते फाडलंही नाही. एप्रिल १९८७चं पत्र, निळ्या शाईतलं, घाईघाईत लिहिलेलं. तुर्कूला गाडीसकट बोटीवर चढायचं, स्टॉकहोमला उतरायचं, स्वीडनच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जायचं, नॉर्वेचा समुद्र बघायचा आणि लॅपलंडमधून खाली फिनलंडच्या किनाऱ्याने ओउलू, पोरी करत आपल्या लायतिलाला परत यायचं. तीन आठवडे. शेवटी त्याने लिहिलं होतं, "इल्मारी, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण उत्तर दे. उत्तर घेतल्याशिवाय मी काही तुला सोडणार नाही."

आम्ही एकाच गावात राहत होतो, जेमतेम चार किलोमीटरवर. तरी त्याने पत्र लिहिलं, कारण समोर विचारलं की मी विषय बदलतो हे त्याला शाळेपासून माहीत होतं. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, नगरपालिकेच्या वाचनालयात कामाला, आणि तीन आठवडे एका बोलक्या माणसाशेजारी बसून राहायच्या कल्पनेनेच घाबरलेला. जायचंही होतं. ते मला आज सांगता येतं.

जूनमध्ये रेइनो एकटाच गेला. स्टॉकहोमला संध्याकाळी बोटीतल्या सगळ्या गाड्या बाहेर पडल्या आणि त्याची तेवढी जागेवर राहिली. दारं बंद, आरशाला बोटीतल्या रांगेचा नंबर असलेला कागद लटकवलेला, चालक नाही. समुद्रात शोधलं, बंदरावर शोधलं. महिन्याभराने गाडी परत आली. हातमोजे ठेवायच्या कप्प्यात नकाशा होता. त्यावर सुताराच्या चपट्या पेन्सिलीने काढलेली जाड रेघ लायतिलाहून निघून तुर्कूला जात होती, पाण्यात शिरत होती आणि ओलांदची बेटं संपतात तिथे थांबत होती.

पोलिसांना मी सांगितलं, की वसंतानंतर त्याची माझी भेट झाली नाही. ते शब्दाला शब्द खरं होतं.

यंदा मार्चमध्ये त्याची धाकटी बहीण हिल्का माझ्याकडे आली, तेव्हा मी दुकानात गेलो होतो. आमच्या वाडीवर अजून कुणी कुलूप लावत नाही. घरात कुणी नसलं की दाराला अंगणातला खराटा टेकवून ठेवायचा, आणि आलेल्या माणसाने तो बघून मागे फिरायचं. खराट्याला कुणी हात लावत नाही. हिल्का चौऱ्याहत्तरची आहे, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. ती गाडीत बसून राहिली.

"वाचनालय बंद दिसलं म्हणून थांबले," ती खराट्याकडे बोट करून म्हणाली.

मी खराटा बाजूला करून भिंतीशी उभा ठेवला, कॉफी चढवली. तिने सरळ रेइनोचा तो नकाशा टेबलावर पसरला. डोळ्यांच्या डॉक्टरने सप्टेंबरपर्यंतच परवाना वाढवून दिला होता. त्याआधी तिला तो रस्ता बघायचा होता, आणि एकटीला नाही.

"गाडी मी चालवीन. तू नकाशा धरायचा आणि गप्प बसायचं. दोन्ही तुला जमतं."

मी हो म्हणालो. या वयात नाही म्हणायलाही धैर्य लागतं.

मग दर गुरुवारी आम्ही तिच्याकडे बसू लागलो. आमच्याकडच्या रिवाजाने गुरुवार म्हणून वाटाण्याचं सूप आणि वर जाडसर पॅनकेक. खिडकीबाहेर बर्फ काळा पडत चालला होता. कुठे मुक्काम, कुठे पेट्रोल, उमेओच्या पुढे हरणं रस्त्यात येतात तेव्हा गाडी किती हळू, हे सगळं मी वहीत लिहीत होतो.

दुसऱ्या गुरुवारी नकाशा उघडला तर रेघ स्टॉकहोमला पोचली होती.

मला वाटलं, हिल्काने काढली असणार. तिसऱ्या गुरुवारी ती सुंद्सवालला होती, आणि वाटेत एक बारीक गोल. रेइनो कॉफीसाठी थांबायचा तिथे असाच गोल करायचा.

"पेन्सिलीने कशाला काढतोस?" हिल्का ताटल्या आवरता आवरता म्हणाली. "वहीत लिहितोयस ते काय कमी आहे?"

मला वाटलं, चांगलं नाटक करते. तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं. त्या सकाळी रेइनो घरून निघताना तिला म्हणाला होता, की इल्मारीला घेऊन पुढे जातो. अडतीस वर्षं तिने मला त्याबद्दल विचारलं नव्हतं. आता ही रेघ ओढून ती मला बोलतं करू बघत होती.

म्हणून मी नकाशा माझ्या घरी न्यायला मागितला. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दिला. घरी मी पारदर्शक कागदावर रेघ उतरवून घेतली, नकाशा लिफाफ्यात घातला, तोंडावर वाचनालयाचा जुना शिक्का अर्धा लिफाफ्यावर, अर्धा झाकणावर असा मारला आणि पुस्तकांच्या कपाटात ठेवून कपाटाची किल्ली खिशात घेऊन वावरलो.

गुरुवारी शिक्का जुळत होता. रेघ नार्विकला पोचली होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. जुन्या भागाचं शिसं लागत नव्हतं, नव्याचं बोटाला काळं लागलं.

आता संशय घ्यायला एकच माणूस उरला. माझ्या स्मरणावर माझा फारसा भरवसा नाही. मी घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून शेजाऱ्यांना दिल्या. सकाळी उठल्यावर आधी बोटं बघू लागलो. बोटं स्वच्छ असायची. रेघ आल्टाला गेली, वळली, आणि दक्षिणेकडे उतरायला लागली.

मे महिन्यात हिल्काने बोटीच्या कचेरीत फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. चौदा जून, सकाळची बोट, एक गाडी. पलीकडची मुलगी वाचून दाखवत होती, "एक गाडी, तीन प्रवासी."

"दोन," हिल्का म्हणाली.

"तुमच्या मागून ते गृहस्थ तीन म्हणाले ना आत्ता?"

हिल्काने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नव्हतं. माझ्या तोंडात पॅनकेक होता.

तिने दोनची खात्री करून घेतली, फोन ठेवला आणि सूप ढवळत राहिली. मग माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "त्या सकाळी तो तुझ्याकडे आला होता का रे?"

मी म्हणालो, की त्या दिवसाचं मला नीट आठवत नाही.

"तुला पुस्तकांचे जुने नंबर आठवतात," ती म्हणाली.

मला सगळं आठवत होतं. सकाळचे सहा, लखलखीत ऊन. त्याची गाडी वळणावर ऐकू आली तेव्हा मी मागच्या दाराने बाहेर जाऊन, घराला वळसा घालून पुढच्या दाराला खराटा टेकवला, पुन्हा मागून आत आलो आणि पडद्याआड उभा राहिलो. आमच्याकडे खराट्याने कुणी खोटं बोलत नाही. तो दारापुढे आला. खराटा बघून थांबला. मी घाईत तो तिरका ठेवला होता, घसरत होता. रेइनोने तो दोन्ही हातांनी सरळ केला, नीट टेकवला, आणि गेला.

त्यानंतर मी कुणालाच हे सांगितलं नाही.

जूनच्या पहिल्या गुरुवारी मी हिल्काकडे गेलो नाही, सर्दीचं कारण सांगितलं. शिक्का तोडला. रेघ इनारी, रोव्हानिएमी, ओउलू ओलांडून कोकोलाला आली होती. पुढे वासा, पोरी. मी पट्टीने मोजलं. आठवड्याला इतकी, तर चौदा तारखेच्या आत इथे.

मग मी रोज बघू लागलो. सोमवारी वासा.

बुधवारी पोरी. पोरी आमच्यापासून ऐंशी किलोमीटर. तिथे गोल होता. तो कॉफी प्यायला थांबला होता.

संध्याकाळी हिल्काचा फोन आला. बॅग भरलीस का, आणि लोकरी मोजे घे, तिकडे जूनमध्येही थंडी असते म्हणाली. मी विचारलं, "हिल्का, रेघ तू काढतेस?"

"मी तर समजत होते, तू काढतोस," ती म्हणाली. "म्हटलं, तोंडाने सांगता येत नाही म्हणून असं सांगत असेल."

लोकरी मोजे घेतो म्हणून मी फोन ठेवला.

आज, गुरुवारी सकाळी, रेघ आठ नंबरच्या रस्त्याने खाली येऊन लायतिलात थांबली होती. थांबली असं मला आधी वाटलं. भिंगाने पाहिलं तर टोकाला डावीकडे, माझ्या गल्लीकडे, वळलेला एक बारीकसा बाक होता. त्या नकाशावर माझी गल्ली दाखवलेली नाही. इतकी लहान गल्ली दाखवतच नाहीत.

मी कागद घेतला. पेन्सिली नव्हत्याच, शाईने लिहिलं.

"रेइनो, मला यायचं होतं. त्या सकाळी मी घरात होतो. खराटा मीच लावला होता. तुझा, इल्मारी."

वर त्याचं नाव घातलं आणि पत्रावरचा त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर आता हिल्का राहते. उघडून वाचेल ती. तिने वाचावं म्हणूनच तर. परवा सकाळी ती माझ्यासाठी गाडी आणेल की नाही, ते त्या तीन ओळींवर ठरेल.

तिकीट लावलं. मागच्या दाराची कडी आतून घातली. पुढचं दार ओढलं, खराटा टेकवला, सरळ आहे ना ते दोनदा पाहिलं.

पोस्टाची पेटी गल्लीच्या तोंडाशी आहे. दीडशे पावलं. ऊन होतं, बर्चच्या पानांचा वास होता, रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

पत्र फटीत घालून मी बराच वेळ त्याचं टोक धरून उभा होतो. मग सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला.

मी मागे वळून घराकडे पाहिलं.

दाराला खराटा नव्हता. तो बाजूला भिंतीशी उभा होता, घरी आलेलं माणूस ठेवतं तसा, अगदी सरळ.