राखेतली बॅटरी

मी अवंती. जव्हारच्या एका संस्थेत आरोग्याची यंत्रं सांभाळते. मला थापा मारता येत नाहीत. आई म्हणते, तेवढी अक्कलच नाही. तेव्हा झालं ते झालं तसं लिहिते.

मोखाड्याकडच्या सात पाड्यांवर आम्ही एईडी ठेवली आहेत, हृदयाला शॉक देणारी यंत्रं. जेवणाच्या डब्याएवढी वस्तू, पण माझा तिच्यावर भारी जीव. माणूस अचानक कोसळतो तेव्हा पुष्कळदा हृदय थांबलेलं नसतं, नुसतं थरथरत असतं, आणि रक्त काही पुढे जात नाही. छातीवर दोन पॅड चिकटवले की यंत्र ती थरथर ओळखतं, काय करायचं ते मराठीत सांगतं आणि एका शॉकने सगळी गडबड क्षणभर बंद पाडतं. मग हृदय आपल्या तालावर पुन्हा सुरू होऊ शकतं. हृदयाच्या ठोक्यांची रेघ सपाट असेल तर मात्र कितीही बटण दाबा, ते शॉक देत नाही. इतकं शहाणं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

डिसेंबरात सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर तपासणीला गेले. अंगणवाडीच्या कपाटातून सुनिताने पिशवी काढून दिली. ती तिथली आशाताई. उघडून बघते तर बॅटरीची जागा रिकामी.

"बॅटरी कुठंय?"

"घरी हाय ना, कणगीत. राखेत ठेवलीय," सुनिता म्हणाली. "पावसात ओल लागंल म्हणून. नागलीचं बी ठेवतो ना, तशी. राखेत काय खराब होत नाय."

माझं डोकंच फिरलं. बॅटरी आत असली तरच यंत्र रोज स्वतःला तपासतं, हे तिला तीनदा शिकवलं होतं. "आधी घेऊन ये," मी तडकले. ती बिचारी लगेच टेकडी उतरली. तिचं घर खालच्या पाड्यावर, जायला-यायला पाव तास.

शेजारच्या खळ्यावर नागली झोडपणं चाललं होतं. काठ्यांचा आवाज एकदम थांबला आणि झोडपणाऱ्यांतली माघी ओरडली.

तिचा नवरा नवसू भाऱ्यावर पालथा पडला होता. चाळिशीचा, धडधाकट माणूस. उताणा केला. श्वास नाही, नाडी नाही. एकीला एकशे आठला फोन करायला पिटाळलं, ती रेंजसाठी टेकाडावर धावली. गाडी यायला पाऊण तास तरी लागणार होता. इथे तर काही मिनिटांतच माणूस हातचा जातो.

मी छाती दाबायला लागले. सुनिता आली की वेळ जायला नको, म्हणून माघीला यंत्र आणायला सांगितलं. तिने टॉवेलने नवसूचा घाम पुसला, मी पॅड चिकटवले, वायर जोडली आणि पुन्हा दाबत राहिले. यंत्र बाजूला पडलं होतं. बॅटरीच्या खाचेत नागलीचं भूस उडून बसलं होतं. सुनितावर चिडले होते त्याहून जास्त आता स्वतःवर चिडले. एरवी गाडीत असते ती जादा बॅटरी मी का आणली नाही? कारण मी ती जव्हारलाच विसरले होते.

"रुग्णाला स्पर्श करू नका," यंत्र म्हणालं.

माझे हात आपोआप उचलले गेले. सवय.

"तपासणी सुरू आहे."

माघी माझ्याकडे बघत होती. मी खाचेकडे बघत होते.

"शॉक आवश्यक आहे. केशरी बटण दाबा."

मी दाबलं.

नवसूचं अंग उसळलं. मी पुन्हा छातीवर हात ठेवले. दीडेक मिनिटाने त्याने माझं मनगट धरून बाजूला केलं आणि खोकला.

सुनिता अनवाणी धावत चढून आली. पदरात बॅटरी होती, राखेने माखलेली.

गाडीने नवसूला नाशिकला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी यंत्राचं केलं. बॅटरीचं कोणालाच सांगितलं नाही, आणि सुनितानेही विचारलं नाही. नवसू बारा दिवसांत घरी आला.

त्यानंतर यंत्र जव्हारला आणून, संगणकाला जोडून नोंदी बघायला बसले. यंत्र सुरू झाल्याची वेळ, थरथर, शॉक, सुधारलेला ताल, सगळं बरोबर. पण नोंद तिथे संपत नव्हती. यंत्राच्या छोट्या पडद्यावर रेघ चालूच होती, तारीख आजची. मिनिटाला बहात्तर ठोके. वापरलेले पॅड केव्हाच कचऱ्यात गेले होते. मी संगणकाची वायर काढली. रेघ चालू. बॅटरी काढली.

रेघ चालू.

मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. सुनिताला फोन लावला. नवसू विहिरीवरून हंडा घेऊन चढतोय, ती म्हणाली. पडद्यावर एकशे अठरा. "टेकला बघा आता," ती म्हणाली. शहाण्णव. नव्वद. मी हसले, खरंच सांगते, आणि डोळे भरून आले. सूर्यमाळवर तो दम घेत होता आणि इथे माझ्या टेबलावर हे एवढंसं यंत्र त्याला राखत होतं.

पण वरून पत्र आलं होतं. वापरलेलं यंत्र बंद करून कंपनीकडे परत करावं. न्यायला माणूस दारात उभा होता.

बंद करायचं बटण उजव्या कोपऱ्यात असतं. नियम तो नियम. मी त्यावर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं, दाबलं नाही. रेघ लांबली. साठ. बावन्न.

फोन चालूच होता. पलीकडे कोणीतरी हळू आवाजात काही बोललं. 

"ताई," सुनिता म्हणाली, "नवसूदादा म्हणतो, बोट काढा."