एकोडीतला समुद्र

लाखनीच्या स्टँडमागे, भर उन्हात, दामिनी समुद्रात बुडाली.

आता भंडारा जिल्ह्यात समुद्र कुठला, असं विचारू नका. तळी मोजता मोजता माणूस म्हातारा होईल एवढी आहेत. समुद्र तेवढा राहून गेला होता. तो त्या दुपारी दोन बाभळींच्या मधे दोरीवर वाळत होता. नाटक कंपनीचा पडदा! हायवेवरून एक ट्रक असा सुसाट गेला की पडदा उडाला, आणि काळी-पिवळी जीप पकडायला निघालेली दामिनी डोक्यापासून पायापर्यंत लाटांत गुंडाळली गेली.

"हलू नका! रंग ओला हाय!" बाहेरून कोणी ओरडलं.

"मंग मी काय इथंच उभी राहून वाळू?" समुद्रातून आवाज आला.

लाटा बाजूला झाल्या. समोर हातात ब्रश आणि कानावर निळा ठिपका घेऊन एक तरुण उभा. हा अमर, पडदे रंगवणारा. त्याला आधी लाटेवरचा पुसलेला फेस दिसला. मग तो फेस कुठं गेला ते दिसलं – दामिनीच्या गालावर... आणि मग त्याला पडद्याचं काही सुचेना.

"काय पाहून राहिले?"

"माझा फेस."

"पुसून घ्या मंग."

"राहू द्या... तिथंच जास्त शोभते."

दामिनी हसली नाही. म्हणजे ओठांनी हसली नाही.

हायवेवरच्या कापड दुकानात ती दिवसभर दुसऱ्यांसाठी साड्या उलगडायची आणि पुन्हा घड्या घालायची. मालकाच्या घरी लग्न निघालं, दुकान चार दिवस बंद. बाप गेल्यापासून तिची ही पहिली सुट्टी. सोबतच्या पोरी मोबाइलवर गोव्याचे फोटो दाखवत. दामिनीच्या पर्समध्ये गोवा सोडाच, गोंदियाही धड बसत नव्हतं. पण तिनं ठरवलं होतं, सुट्टी घ्यायची ती समुद्रावर, आणि तीही एकोडीत, घरच्या अंगणात. दामिनीनं ठरवलं की एकोडीचा कोंबडासुद्धा तिला विचारून आरवायचा.

"हा पडदा मले चार दिवस पाह्यजे," ती म्हणाली.

"कोनतं नाटक हाय?"

"नाटक नाही. सुट्टी हाय. पडदा बांधीन अन् बाजेवर पडून राहीन. भाडं सांगा."

अमरनं ब्रश खाली ठेवला. "समुद्राचं नाटक आमचं पहिल्याच खेळात बुडालं. रंग तं मी हौसेनं मारून राहिलो होतो. असंच घेऊन जा."

"फुकटच्या समुद्रात मी उतरत नाही. किनार फाटली हाय पुरी, ते शिवून देईन."

"मंग बांधायले मीच येतो. गाठी चुकल्या तं समुद्र अंगावर पडते."

"एकदा पडला न. तेवढा पुरे..." ती दोन पावलं गेली, वळली. "बरं. याजा उद्या."

दुसऱ्या दिवशी अमरनं अंगणात पडदा बांधला आणि अख्खं घर पडद्याआड गेलं. दामिनीच्या आईला, रुखमाबाईंना, स्वयंपाकघरात जायचं तर लाट उचलून जावं लागे. दामिनीनं नाल्याची रेती टोपल्यांनी आणून किनारा केला. कुलर पडद्यामागे लावला. तो सुरू झाला की समुद्र हेलकावे घेई आणि वाळ्याच्या वासाचं गार वारं येई. तळ्यातले झिंगे तव्यावर परतले, कैरीचं पन्हं माठाला टेकवलं, आणि गॉगल लावून ती बाजेवर आडवी झाली. समुद्र इतका खरा, की शेजारची म्हैस मिठासाठी दिवसभर पडदा चाटत उभी राहिली. संध्याकाळी तिनं खारट दूध दिलं.

शेजारच्या गोदावरीबाई ब्लाउजला हुक लावून मागायला आल्या.

"मी गावात नाही," दामिनी म्हणाली.

"मंग इथं कोन पडली हाय?"

"मी समुद्रावर हाय, काकू."

रुखमाबाई कपाळावर हात मारून घेत. "दामिने, असं लोळनाऱ्या पोट्टीले मागनी कोन घालन?"

"नको घालू कोनी. उठनार नाही मी."

अमर रोज संध्याकाळी गाठी तपासायला यायचा. गाठी घट्टच असायच्या. मग तो रेतीत बसायचा, ती किनार शिवायची – तेवढं एक काम ती सुट्टीत करायची – आणि दोघं उगाच क्षितिजाकडे पाहायचे.

"उद्या येऊ?"

"समुद्र काय कोनाचा अडवलेला असते?"

घोटाळा झाला तो शेवटच्या दिवशी. आमच्या झाडीपट्टीत पडदा बांधला म्हणजे नाटक, दुसरं काही असूच शकत नाही. मंगरू म्हातारा, उभ्या आयुष्यात ज्यानं पहिली रांग सोडली नाही, त्यानं तीन दिवस वाट पाहिली आणि त्या दुपारी दामिनीच्या बाजेसमोर आपला बसायचा बोरा अंथरला. त्याचा बोरा पाहून बाकीच्यांचे आले. ऊन उतरेपर्यंत अंगण भरलं, बैलबंड्या लागल्या, आणि साकोलीचा एक पानठेला आपल्या चाकांवर आपणच चालत आला म्हणतात.

"सुरू करा!" लोक ओरडू लागले.

नेमका अमर आला. रुखमाबाईंनी त्याला गाठलं. "बाबू, सोड हा पडदा! अख्ख्या गावासमोर पोट्टी लोळून राहिली. आता हिले मागनी कोन घालन?"

"आवाज येऊ द्या!" मंगरू ओरडला.

अमरचा हात दोरीकडे गेला. दामिनीनं गॉगल काढला. उठली मात्र नाही.

"अमर... उद्यापासून पुन्हा साड्याच हायेत. आजचा दिवस माझा हाय. गाठ सोडशील, तं पुन्हा या अंगनात पाय ठेवू नको."

अमरचा हात खाली आला. त्यानं राजवाडे रंगवले होते, चंद्र रंगवले होते, पण पडद्यासमोर तो कधी उभा राहिला नव्हता. आता लोकांकडे पाठ करून, समुद्राकडे पाहत तो उभा राहिला.

"मावशी... मी घालतो मागनी."

"लोळलेलीले?" रुखमाबाईंच्या तोंडून निघालं.

"लोळलेलीलेच. उठवून नाही."

टाळ्यांनी अंगण दणाणलं. "वन्स मोअर!"

"म्हन न पुन्हा. लोकं मागून राहिले," दामिनी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण डोकं उशीवरच होतं. "अन् समुद्राकडे पाहून नाही. माझ्याकडे पाहून."

अमरनं पुन्हा म्हटलं... या वेळी इतकं हळू, की पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं.

"हो म्हन, पोरी!" मंगरूला राहवेना.

"सुट्टीत मले कोनी घाई करायची नाही."

अख्खं गाव थांबलं. रुखमाबाईंनी लाटेमागे जाऊन पदरानं डोळे पुसले आणि आतूनच विचारलं, "बाबू, झिंगे खाशील का?"

दामिनीनं एक लाट येऊ दिली, एक जाऊ दिली. मग ती बाजेवर सरकली. एवढीच, की शेजारी एक माणूस मावेल.

अमर अंग चोरून टेकला.

"आता... काय करायचं?"

"काहीच नाही," दामिनीनं गॉगल चढवला. "शीक."