संथ भागातला श्वास

दुकानात त्या स्वरलिपीची एकच प्रत उरली होती. तिचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी माणसाच्या. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता... आणि तो काही सोडायला तयार नव्हता.

"मी आणि बाबा ओबो वाजवतो," मी म्हणाले. "कोर आंग्ले वाजवणारा तेवढा मिळत नाहीये, पण प्रत मला हवीच."

"मग घ्या," त्याने हात सोडला, "पण माझ्यासकट. मी तेच वाजवतो."

ओताकार नाव त्याचं, ब्रनोहून आलेला.

त्या रचनेच्या मुळाशी असलेलं ऑपेरातलं युगुलगीत प्रागमध्ये कुणाला ठाऊक नाही? ऑपेरा इटालियन, पण पहिला प्रयोग आमच्या गावात झाला, म्हणून आम्ही तो आमचाच समजतो. सरदार खेड्यातल्या नवरीचा हात मागतो, ती हो-नाही करत राहते. त्या चालीवर पुढे किती जणांनी आपापल्या रचना बांधल्या! ही त्यांतलीच एक, तीन फुंकवाद्यांची: दोन ओबो आणि त्यांच्याहून खालच्या स्वराचं कोर आंग्ले.

बाबांनी एकतीस वर्षं ते गाणं रंगमंचाखालच्या वादकांच्या खड्ड्यात बसून वाजवलं. प्रेक्षकांना त्यांचा चेहरा कधी दिसलाच नाही. आता छाती साथ देत नव्हती, तरी एकदा वर, उजेडात बसून वाजवायचं, हा त्यांचा हट्ट होता.

ओताकार दर रविवारी येऊ लागला. बाबा चुका काढत, तो मुकाट ऐकून घेई. मला मात्र चिडवायचा, की वाजवताना माझे कान लाल होतात. मी म्हणायचे, तुमचं लक्ष स्वरलिपीवर असू द्या... आणि माझंच नसायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. संथ भागात बाबांचा श्वास तुटला. ओळ अर्धीच राहिली असती — पण ओताकारने ती आपल्या खालच्या स्वरात अलगद उचलली आणि पुढच्या ओळीला त्यांना परत दिली. कुणाला काही कळलं नाही. शेवटी सगळे उभे राहिले. बाबाही उभे राहिले, ताठ.

नंतर एक बाई ओताकारला म्हणाल्या, की संथ भागात तो जरा पुढे पुढे करत होता. त्याने मान लववून माफी मागितली.

मला राहवेना. "खरं का नाही सांगितलंत?"

"आज टाळ्या त्यांच्या आहेत."

"ओताकार... मला आवडतोस तू."

"तू?" तो हसला. "मघापर्यंत तर 'तुम्ही' होतो. आता मागे घेऊ नकोस हं, ब्लांका."

तेवढ्यात बाबांनी आम्हाला गर्दीत ओढलं. ओताकारच्या खांद्यावर हात ठेवून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "संथ भागात माझा श्वास संपला होता. ती ओळ यानं वाजवली."

त्या बाईंनीच टाळ्या सुरू केल्या. ओताकार खाली बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे — सगळ्यांच्या देखत, अभिमानाने.