तळाशी उरलेलं सूप

"मी सासऱ्यांच्या जिवावर उठले म्हणे," ती दारातच म्हणाली. "माझ्या मुलीलाही माझ्याजवळ येऊ देत नाहीत. बाई, काहीतरी करा हो."

बाई खासगी तपास करत. मदतीला त्यांचे दीर असत. भावजींना दिसायचं ते सगळं दिसे, कळायचं तेवढं राहून जाई.

सासऱ्यांचं हृदय अधू, मीठ पूर्ण बंद. म्हणून सुनेने त्या रात्री तेल-चीजऐवजी भाज्यांच्या सुपाचं फाँड्यू केलं होतं. टेबलावर शेगडी, तिच्यावर सुपाचं भांडं. ज्याने त्याने लांब काट्याला तुकडा टोचायचा आणि उकळत्या सुपात शिजवून खायचा. सकाळी सासऱ्यांना श्वास घेता येईना. शरीरात मीठ जास्त झालं, फुफ्फुसांत पाणी साचलं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ते इस्पितळात ऑक्सिजनवर होते.

"आदल्याच दिवशी मी बोलून गेले, आता माझ्याच्यानं त्यांचं होत नाही," ती रडू लागली. "थकले होते हो. नवराही आता खाली मान घालून बसतो."

तिच्या घरी पोचल्यावर बाईंनी आधी नणंदेला गाठलं.

"स्वयंपाक वहिनीचाच. मी फक्त चिकनचे काप सोया सॉसमध्ये भिजवून आणले. आम्हाला अळणी जात नाही."

"बाबांनी ते खाल्ले?"

"छे! त्यांना वेगळी ताटली. नुसती मशरूम आणि फ्लॉवर. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते."

नवरा म्हणाला, "भांडं काठोकाठ भरलं होतं. गप्पांत शेगडी कितीतरी वेळ चालू राहिली. शेवटी तळाशी वाडगाभर उरलं."

फ्रिजमध्ये जास्तीच्या सुपाची बाटली होती, भांड्यात न ओतलेली. बाईंनी चमचाभर चाखलं. "अगदी अळणी."

"मग त्यांच्या गोळ्यांतच मीठ असणार!" भावजी म्हणाले.

"उचलली जीभ, लावली टाळ्याला."

सासूबाई भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालत होत्या. "माझ्या घरात कण वाया जात नाही," त्या म्हणाल्या. "आणि सुनेचं म्हणाल, तर हे स्वतःच म्हणाले, खारट लागतंय. आणखी काय पुरावा हवा?"

"कधी म्हणाले?"

"जेवण आटोपल्यावर."

सासऱ्यांच्या खोलीत रिकाम्या पलंगाशी एक न धुतलेला वाडगा होता. त्याच्या तळाला पांढरट थर सुकला होता. औषधाची पूड असेल, असं भावजींना वाटलं. बाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि वाडगा मध्ये ठेवला.

"सुनेचं सूप अळणीच होतं. पण सोया सॉसचा प्रत्येक काप त्यात मीठ सोडत गेला. पाणी वाफ होऊन उडालं, मीठ मागे राहिलं. बाबा जेवताना तक्रार करत नव्हते. खारट लागलं ते नंतर. ताटली त्यांची वेगळी होती, पण या वाडग्यात सगळ्यांच्या ताटांतलं मीठ उतरलं होतं."

"पण वाडगा दिला कोणी?" भावजींनी विचारलं.

मग सासूबाईंचा आवाज आला, ओळखू न येण्यासारखा.

"मी. भाज्यांचं सगळं सत्त्व तळाशी उतरलं असेल, टाकायचं कशाला, म्हटलं. नको म्हणत होते ते. जिभेची चव गेलीय तुमच्या, म्हणत मी चमच्याने भरवलं. माझ्या हाताने!"

आजीला रडताना पाहून आतल्या दारातली मुलगी घाबरली आणि धावत आईला बिलगली. या वेळी तिला कोणी अडवलं नाही. नवरा उठला, पण बायकोच्या जवळ जायची त्याची हिंमत होईना.

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. सासऱ्यांचा श्वास सुधारला होता. घरचं काहीतरी मागत होते. मिठाशिवाय दोन-चार चमचे चालतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मी नाही आता कशाला हात लावणार," सासूबाई मागे सरल्या. "कुठल्या तोंडाने जाऊ त्यांच्यासमोर?"

सुनेने डोळे पुसले. मुलीला कडेवर घेऊनच तिने फ्रिजमधली बाटली काढली आणि सासूच्या हातात दिली.

"तुमच्याच हातून जेवतात ते, आई. तुम्ही भरवा. मी शेजारी उभी राहते."

सासूबाईंनी झाकण काढलं आणि आधी स्वतः चमचाभर चाखून पाहिलं.