विचारायचं राहिलं ते

"वन्सं, ऐकलंत का? डोंगरावरच्या मठातल्या म्योगाक गुरुमाईंनी पाणीसुद्धा सोडलंय म्हणे!"

मालसूनचा तिखटानं माखलेला हात कोबीच्या पानांतच थबकला. अंगणात किमचीच्या लोणच्यासाठी मिठात मुरवलेल्या गड्ड्यांची रास पडली होती आणि समोर भावजय ओक्रान मुळा किसत होती.

"एवढं भरून होऊ दे," मालसून पुटपुटली. "उद्या जाऊन येते."

"तुमचं हे 'उद्या' मी या घरात नांदायला आल्यापासून ऐकतेय! यम काय तुमची किमची मुरायची वाट बघणार आहे?"

टोमणा जिव्हारी लागला, कारण तो खरा होता. एकच प्रश्न तिला त्या मठात न्यायचा होता, आणि उभा जन्म सरत आला तरी तो तिनं नेला नव्हता... कामं आडवी आली असं ती जगाला सांगे. आडवी आली होती ती भीती!

ऐन तारुण्यातली ती सकाळ. नदी नुकती गोठू लागलेली. धुणं धुणाऱ्या मालसूनच्या पाठीमागून धाकटी बहीण बुन्ही केव्हा बर्फावर गेली, तिला कळलंच नाही. ऐकू आला तो फक्त बर्फ तडकल्याचा आवाज! त्या दिवसापासून आई तिच्या नजरेला नजर देईनाशी झाली. तो तिरस्कार प्राक्तन समजून मालसूननं आलेली स्थळं परतवली, भाऊ तेसिकला वाढवलं, आईची अखेरपर्यंत सेवा केली... आणि दर हिवाळ्यात ओसरीवर जणू बुन्हीच्याच ओल्या पावलांची चाहूल लागली, की हातातलं काम टाकून ती दगडासारखी बसून राही.

ती उठली. हात धुतले न धुतले, आणि डोंगराची वाट धरली.

खालून विस्तवानं तापवलेल्या ऊबदार जमिनीवर पहुडलेल्या गुरुमाई अगदी मुठीएवढ्या झाल्या होत्या. "ये... फार उशीर केलास गं."

"गुरुमाई, बुन्ही माझ्यामुळे गेली का?"

गुरुमाईंनी कष्टानं मान तिच्याकडे वळवली. "हे आईला का नाही विचारलंस?"

"ती 'हो' म्हणाली असती तर?"

"तीही हेच म्हणायची. दर पौर्णिमेला इथं येऊन रडायची. चुलीशी लुडबुडते म्हणून बुन्हीला तिनंच तुझ्यामागं पिटाळलं होतं. 'मालसूनकडे बघायची मला लाज वाटते' म्हणायची. म्हटलं, लेकीशी बोल! तर उलट मलाच शपथ घातली. विचारायला आली असतीस, तर मी ती मोडली असती... तू आलीच नाहीस."

मालसूनच्या काळजातून हंबरडा फुटला! ज्या खाली झुकलेल्या नजरेला ती आयुष्यभर द्वेष समजली, ती एका मातेची शरमिंदी नजर होती! एकाच मेजाभोवती बसून दोघी एकच विष गिळत राहिल्या, आणि आई ते पोटात घेऊनच मातीआड गेली...

"आता मी काय करू, गुरुमाई?"

"घरात अजून कोण आहे? जा. माझ्या उशाशी बसू नकोस."

तेसिक! आजवर कधीही तिच्यासमोर बसून न जेवलेला तेसिक! ती धडपडत डोंगर उतरली. दिवस कलला होता; तो अंगणात किमचीचे रांजण उचलून ठेवत होता.

"तेसिक, बुन्हीच्या मरणाचा दोष तू मला देतोस का?"

त्याच्या हातातलं झाकण निसटून फुटलं.

"तुला? ताई... आदल्या दिवशी मी तिला बर्फावर चालून दाखवलं होतं. 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवलं होतं! तू माझ्यासाठी आयुष्य जाळलंस, आणि मी... तुझ्यासमोर घास गिळवत नव्हता गं मला!"

"वेड्या! केवढंसं पोर होतास रे तू!" त्याचं पिकू लागलेलं डोकं तिनं पोटाशी धरलं. दोघंही लहान मुलांसारखी रडत राहिली. आईला जवळ घ्यायचं मात्र राहून गेलं होतं, कायमचं... डोंगरावर घंटा वाजू लागली. गुरुमाई गेल्या होत्या.

दारात उभ्या असलेल्या ओक्राननं बाहीनंच डोळे पुसले. तिघांसाठी सूप वाढून ती त्यांच्याजवळ बसली.

"या घरात तिचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं," ती हळूच म्हणाली. "वन्सं, कशी होती हो ती बुन्ही?"

भावाबहिणीनं एकमेकांकडे पाहिलं... आणि दोघंही एकदमच बोलू लागली.